माझ्यातला बुजवलेला नाला

मी एक जुना नकाशा आहे, मित्रांनो. कागदाचा नाही, की भिंतीवर खिळ्याला टांगलेला नाही. मी सिमेंटचा आहे आणि जमिनीवर उताणा पडलेला आहे. वर्ध्याच्या कडेला, नालवाडीच्या थोडं पुढे एक शाळा आहे. तिच्या पटांगणात, करंजाच्या झाडाखाली, दोन बाजा शेजारी शेजारी टाकल्या तर जेवढी जागा लागेल तेवढी अडवून मी इतकी वर्षं पडून आहे. आपली कहाणी सांगणारे बहुधा आपल्या मोठेपणापासून सुरुवात करतात. मला तसं करायला जीभ रेटत नाही. मला माझी लाज वाटते. ती का वाटते, तेच सांगायला आज बसलो आहे. म्हणजे पडलो आहे. मला बसता कुठे येतं!

माझा जन्म किसनराव गुरुजींच्या हातून झाला. ते सेलूहून रोज एसटीने यायचे आणि भूगोल शिकवायचे. त्यांचा एक हेका होता. पोरांना पृथ्वीवरची सगळ्यात लांब नदी तोंडपाठ आहे, पण घरामागचा नाला कुठून येतो आणि कुठे जातो हे ठाऊक नाही, तर असला भूगोल काय चुलीत घालायचा? म्हणून शनिवारी सकाळची शाळा सुटली की ते पोरापोरींची रांग घेऊन निघायचे. कधी टेकडी, कधी रेल्वेचा पूल, कधी धाम नदी. उन्हाळ्यातही आणि भर पावसातही. पालक कुरकुरायचे, पण गुरुजी ऐकतील तर शपथ.

"जिथं तुमचा पाय पडला नाई, तिथं तुमचं बोट पडणार नाई," असं ते मुलांना बजावत.

आणि खरंच, पुढच्या वर्षी जेव्हा माझं सिमेंट ओलं होतं, तेव्हा त्याच मुलांची बोटं माझ्यावर फिरली. एका मुलीचे वडील गवंडी होते; त्यांनी थापी दिली आणि वाळू कशी चाळायची ते दाखवलं. टेकडीला टेकडीएवढा मान मिळाला, म्हणजे मूठभर सिमेंटचा उंचवटा. धाम नदी एका कोपऱ्यात वळणं घेत गेली. वर्धा नदीचा मात्र माझ्यावर एक बाणच आहे, पश्चिमेकडे तोंड केलेला. शहराला आपलं नाव देऊन ती स्वतः दूरच राहिली. आमच्या चौकटीत ती मावत नाही. दुसरा बाण आर्वीकडे, तिसरा नागपूरकडे.

माझ्या मधोमध शहर होतं. तिथे बोट टेकवून गुरुजी गोष्ट सांगायचे. "इथं पालकवाडी नावाचं खेडं होतं. इंग्रजांनी नागपुरातून आपला जिल्हा वेगळा काढला. कारभार आधी कवठा गावाले ठेवला, मंग इथं आणला. पालकवाडीची घरं उठवली, सरळ रस्ते आखले आन् नवं शहर वसवलं."

"मंग पालकवाडीची माणसं कुठी गेली, गुरुजी?" एका मुलीने विचारलं होतं.

"थे मले कोणत्या पुस्तकात सापडलं नाई, बाई," गुरुजी म्हणाले आणि पुढचा धडा घेतला.

त्यानंतर रेल्वे आली, कापसाच्या गाठी आल्या, शाळा-कॉलेजं आली, दवाखाने आले. शहराचं पोट वाढलं आणि भोवतालची गावं त्याला येऊन चिकटली: पिपरी, सिंदी, बोरगाव, सावंगी आणि आमची नालवाडी. घराला घर लागलं. तरी कागदावर शहर वेगळं आणि गावं वेगळी. आमच्याकडचे लोक लग्नपत्रिकेवर ठसक्यात 'वर्धा' छापतात आणि घरटॅक्स भरायला मुकाट्याने ग्रामपंचायतीत जातात. नगरपालिकेच्या हद्दीत लाखभर माणसं. पण भोवतालची ही गावं मिळवली तर आकडा कुठच्या कुठे जातो. मुलांना हे कळावं म्हणून गुरुजींनी एक युक्ती काढली. हजार माणसांमागे एक चिंचोका, असे चिंचोके त्यांनी माझ्यावर ओळीने मांडायला लावले. युक्ती झकास होती. पण करंजावर खारी राहत होत्या. त्यांनी दोन दिवसांत सिंदीची निम्मी वस्ती फस्त केली. मग चिंचोक्यांच्या जागी पांढऱ्या गारगोट्या आल्या आणि लोकसंख्या स्थिर झाली.

आता मला त्या नाल्याबद्दल सांगितलं पाहिजे. तो फार मोठा नाही. त्याला धड नावही नाही. उत्तरेच्या चढावरून तो निघतो, शेताशेतांमधून खाली उतरतो आणि शेवटी धामेला मिळतो. आमच्याकडे शेतात जायच्या वाटेला पांदण म्हणतात, आणि पुष्कळ ठिकाणी पांदण आणि नाला एकच असतात. आठ महिने तिथून बैलगाड्या जातात, चार महिने पाणी जातं. आधी कोण येऊन बसलं, गाडी की पाणी, हे कुणी विचारत नाही. पाऊस आला की गाडीवाले बांधाने जातात आणि पाण्याला वाट देतात. गुरुजी मुलांना घेऊन तिथे ऐन श्रावणात गेले होते. पोटऱ्यांपर्यंत पाण्यातून चालून आलेली ती मुलं, त्यांनी ओल्या सिमेंटमध्ये चांगली पेराभर खोल खाच काढली आणि तिला निळा रंग दिला. दरवर्षी शाळा सुरू झाली की गुरुजी तांब्याभर पाणी माझ्या वरच्या अंगाला सोडत. पाणी टेकडीवरून उतरे, खाचेत शिरे, सुळकन धामेला जाई, आणि मुलं टाळ्या पिटत. तेव्हा मला वाटायचं, आपल्यासारखा खरा आपणच.

मोठमोठे साहेब येऊन मला पाहून गेले. "वा!" म्हणाले. मग गुरुजी निवृत्त झाले आणि माझे दिवस फिरले.

ते सगळं रडगाणं मी गात नाही. माझ्यावर सायकली उभ्या राहिल्या. पोरं टेकडीवर बसून डबे खाऊ लागली. कुणाची तरी बकरी रोज दुपारी येऊन बरोबर रेल्वे स्टेशनावर बसे. निळा रंग उडाला, काही गारगोट्या पोरांच्या खिशात गेल्या, म्हणजे लोकसंख्या घटली. पण एक सांगतो. त्या उपेक्षेच्या काळातही माझ्या खाचा जिथल्या तिथे होत्या. पावसाळ्यात माझ्यावर पाणी पडलं की ते आपोआप वाट काढून जायचं. मी मळका होतो, पण खरा होतो. हे मला तेव्हा कळलं नाही. मी आपला झुरत होतो की कुणीतरी यावं आणि मला पुन्हा नवा करावा.

तो कुणीतरी आला. त्याचं नाव योगेंद्र.

योगेंद्रभाऊ याच शाळेत शिकलेला. माणूस हसरा, हाताचा सढळ. शेतं घेऊन त्यांचे लेआउट पाडायचे आणि प्लॉट विकायचे हा त्याचा धंदा. शाळेत पंखे त्यानेच दिले, बोअरही त्यानेच मारून दिली. शाळा समितीत त्याच्या शब्दाला वजन. स्वातंत्र्यदिनाला पाहुणा म्हणून आला, झेंडावंदन झालं, आणि माझ्यापाशी येऊन उभा राहिला.

"अरे बाप्पा, हा नकाशा अजून हाये!" तो म्हणाला. "काय हाल करून ठेवले त्याचे. मी याले नवा करून देतो, सर. खर्च माह्या."

मुख्याध्यापक हरखले. आणि मित्रांनो, मीही हरखलो. खोटं कशाला बोलू?

आठवड्याभरात रत्नदीप पेंटर आला. त्याने मला घासलं, धुतलं, भेगा भरल्या. असा ऑइल पेंट दिला की माझ्यात आभाळ दिसायला लागलं. योगेंद्रभाऊ मधून मधून येऊन पाहत होता. रत्नदीप त्या नाल्याच्या खाचेपाशी आला आणि ब्रश हातात धरून थांबला.

"भाऊ, ही खाच कायची हाये? निळी करू का?"

"नाई नाई. थे बुजवून टाक. थे आपल्या लेआउटचा रस्ता हाये. वरून पिवळा पट्टा मार आन् नाव टाक, अण्णाजी नगर मार्ग." अण्णाजी म्हणजे त्याचे वडील. त्यांच्या नावाने त्याने तिथे नवं लेआउट पाडलं होतं.

रक्षा मॅडम तेव्हा माझ्याजवळच उभ्या होत्या. भूगोल आता त्या शिकवतात. त्या हळूच म्हणाल्या, "पण भाऊ, गुरुजींनी तिथं नाला दाखवलेला होता ना?"

"नाला कायचा, मॅडम? पांदण होती थे. माह्या बापाच्या बैलगाड्या गेल्या तिथून. पांदणीचा रस्ता झाला, यात काय खोटं हाये?"

मॅडमची नोकरी कायम झालेली नव्हती आणि समितीत भाऊ होता. त्यांनी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, आणि त्या वर्गात निघून गेल्या.

रत्नदीपने थापीभर सिमेंट माझ्या खाचेत लोटलं, वरून हात फिरवला आणि दुसऱ्या दिवशी पिवळा पट्टा ओढला. मला ओरडता आलं नाही, हे तर खरंच. पण ओरडता आलं असतं तरी मी ओरडलो असतो का? मी तेव्हा नव्या रंगात न्हाऊन निघालो होतो. माझ्याभोवती लोखंडी कठडा लागला होता. 'हात लावू नये. पाणी टाकू नये' अशी पाटी लागली होती. तालुक्याहून पाहुणे येऊन माझ्याबरोबर फोटो काढत होते. एका खाचेचं काय एवढं, असं मला वाटलं.

पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडावर पालकसभा झाली. सहावीतल्या वर्षालीचे आईवडील आले होते, गोपाल आणि छाया. गोपाल एसटीच्या आर्वी डेपोत मेकॅनिक होता. वर्ध्याला बदली झाली, तेव्हा मुलीच्या शिक्षणासाठी गाव सोडून इथेच राहायचं त्यांनी ठरवलं. नालवाडीत भाड्याच्या खोलीत राहत होते. आता स्वतःचं घर बांधायचं होतं आणि प्लॉट बघून झाला होता. बयाणा द्यायचा तेवढा बाकी होता.

सभा संपल्यावर वर्षाली दोघांना हाताला धरून माझ्यापाशी घेऊन आली. तिचं माझ्यावर फार प्रेम. मधल्या सुट्टीत इतर मुली दोरीवर उड्या मारत, तेव्हा ही कठड्याला हनुवटी टेकून मला वाचत बसायची. सगळ्या रस्त्यांची नावं तिला येत होती.

"आपला प्लॉट यात कुठीसा येते?" गोपालने विचारलं.

"हा पाहा, बाबा. हा पिवळा रस्ता हाये ना, याच्या बाजूले."

"रस्ताच हाये ना? का पांदण हाये?"

"रस्ता हाये. अण्णाजी नगर मार्ग. लिवलं हाये ना इथं."

गोपालचं समाधान झालं नाही. तो उकिडवा बसला. "काय हाये बेटा, आपल्या गावाकडं पांदणीनं पाणी येते. उन्हाळ्यात काई समजत नाई. सारं कसं कोरडं ठण्ण दिसते. तू नीट पाहून सांगजो. तिथं नाला-गिला नाई ना?"

वर्षालीने ते काम किती मनापासून केलं म्हणून सांगू! ती कठड्यावरून वाकली. एकेका निळ्या रेषेवरून हवेतच बोट फिरवत, वरून खाली, पार धामेपर्यंत गेली. पुन्हा वर आली. पिवळ्या रस्त्याच्या डाव्या अंगाला पाहिलं, उजव्या अंगाला पाहिलं.

"नाई, बाबा," ती म्हणाली. "निळं काईच नाई तिथं. मले पाठ हाये हा नकाशा."

छाया हसली. "मंग झालं तं. आपल्यापरीस थेच जास्त शिकेल हाये."

गोपालच्या चेहऱ्यावर त्या वेळी जो अभिमान होता, तो मी विसरू शकत नाही. त्याने मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि ते तिघं फाटकाबाहेर गेले. माझ्या पोटात, त्या पिवळ्या पट्ट्याच्या खाली, नाला होता. मुलीने मला विचारलं होतं आणि मी तिला चकचकीत तोंडाने खोटं सांगितलं होतं.

त्या वर्षी नेमका पाऊस ओढला. लेआउटच्या रस्त्यावर नुसता चिखल झाला आणि वाळूनही गेला. हिवाळ्यात घर उभं राहिलं. वर्षालीने वर्गात पेढे वाटले. मग दुसरं वर्ष आलं आणि पोळ्याच्या आधी झड लागली.

आमच्याकडची झड तुम्हाला माहीत असेल. उघडीप म्हणून नाही. शाळेचं पटांगण डबकं झालं, मी पाण्याखाली गेलो. माझ्यावरून पाणी कुठे जात नव्हतं, कारण त्याची वाट बुजवलेली होती. ते त्या पिवळ्या पट्ट्याच्या दोन्ही अंगांना साचून राहिलं होतं. मी तिथे पडल्या पडल्या मनातल्या मनात म्हणत होतो, तिकडे असंच नसू दे, तिकडे असंच नसू दे.

तिकडे असंच होतं. आठवडाभर वर्षाली शाळेत आली नाही. मुलांच्या बोलण्यातून मला कळलं. पाणी त्या रस्त्यानेच आलं, जसं शेकडो वर्षं येत होतं तसंच. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की आता हे अण्णाजी नगर आहे. दोन्ही बाजूंच्या घरांत शिरलं. वर्षालीच्या घरात पलंग बुडाला, वर्षाचा गहू भिजला, नव्या भिंतींना खालून भेगा पडल्या. माणसं सुखरूप होती, एवढंच नशीब.

ती आली तेव्हा मी तिला ओळखलंच नाही. फाटकातून शाळेत जायची वाट माझ्या कठड्याला लागून आहे. तर ती पोर सगळं पटांगण वळसा घालून, पलीकडच्या भिंतीला घासून गेली. माझ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. तिची मैत्रीण मयुरी तिला म्हणाली, "चाल ना, नकाशापाशी बसू." तेव्हा ती एवढंच बोलली, "मले नाई येत नकाशा पाहता."

मित्रांनो, शरमेने जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात. मी तर जमिनीवरच पडलेला होतो आणि जमीन काही दुभंगत नव्हती.

एका दुपारी गोपाल आला. कामावरूनच आला असावा, हाताला ग्रीस होतं. रक्षा मॅडम वर्गाबाहेर आल्या आणि दोघं करंजाखाली उभे राहिले, माझ्यापासून हातभर अंतरावर.

"मॅडम, मी भांडाले नाई आलो," तो म्हणाला. "घराचं काय व्हायचं थे होईन. मजुरी करू, डागडुजी करू. पण पोट्टी धड जेवून नाई राह्यली. झोपेतून उठते आन् म्हणते, बाबा, मीच सांगतलं होतं तुमाले, नाला नाई म्हणून. तिची आई समजावते, मी समजावतो, आमचं नाई ऐकत. मास्तरचं ऐकतात पोट्टे. तुमी तिले येकडाव सांगा ना, का तिची चूक नाई."

मॅडमच्या हातातला खडू मोडला. "सांगते," त्या म्हणाल्या.

त्यांनी सांगितलंही. सुट्टीत वर्षालीला बाजूला बोलावलं, पाठीवर हात ठेवला. "हे बघ बेटा, तुझी काही चूक नाही. पावसाचं कुणाला सांगता येतं का?"

वर्षालीने मान वर केली. "मंग कोणाची हाये?"

बस, एवढंच विचारलं. उद्धटपणे नाही, खरंच जाणून घ्यायचं होतं तिला. घंटा झाली आणि मुलगी तशीच खाली मान घालून गेली. मॅडम मात्र तिथेच उभ्या. त्या माझ्याकडे पाहत होत्या, त्या पिवळ्या पट्ट्याकडे. मीही त्यांच्याकडे पाहत होतो. आम्हा दोघांनाही उत्तर येत होतं आणि आम्ही दोघंही गप्प होतो. लाज वाटून घेणं सोपं असतं, मित्रांनो. ती मनात ठेवली की कुणाला कळत नाही आणि आपल्याला उगाच वाटतं की आपण भले आहोत.

दुसऱ्या दिवशी भूगोलाच्या तासाला मॅडमनी सगळा वर्ग बाहेर काढला आणि माझ्या चारी बाजूंनी उभा केला. वर्षाली सगळ्यात मागे, मयुरीच्या आड. मुख्याध्यापक आवाज ऐकून दारात आले.

"मुलांनो," मॅडम म्हणाल्या, "हा नकाशा खोटा आहे."

मुलं एकमेकांकडे पाहायला लागली.

"इथं हा पिवळा रस्ता दिसतो ना, याच्या खाली नाला आहे. किसनराव गुरुजींनी तो दाखवला होता. मागं रंग दिला तेव्हा तो बुजवला. माझ्या डोळ्यांसमोर बुजवला. मला माहीत होतं आणि मी एकदाच बोलले, मग गप्प बसले. भ्याले म्हणून गप्प बसले. वर्षाली, पुढे ये."

ती आली. कुणीतरी ढकलल्यासारखी आली.

"तू नकाशा बरोबर वाचला. जसा शिकवला तसा वाचला. तो चुकीचा होता, आणि तो चुकीचा आहे हे मला ठाऊक होतं. तू काल विचारलं, कोणाची चूक. माझी आहे. मी काल सांगायला पाहिजे होतं, मला लाज वाटली."

दारातून मुख्याध्यापक दबक्या आवाजात म्हणाले, "अवो मॅडम, भाऊले काय वाटन?"

"वाटू द्या, सर," मॅडम म्हणाल्या. "थोडं त्यांनाही वाटू द्या."

वर्षाली रडली नाही. तिने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. त्या नजरेत राग होता आणि तो मला फार बरा वाटला. इतके दिवस ती स्वतःवरच रागावलेली होती. आता तो राग योग्य पत्त्यावर आला होता. साहेब लोकांनी मला वा वा म्हटलं होतं, पाहुण्यांनी फोटो काढले होते. पण खोटा म्हणून चारचौघांत माझी अब्रू गेली, त्या दिवशी मला जेवढं हलकं वाटलं तेवढं कधीच वाटलं नव्हतं.

योगेंद्रभाऊपर्यंत गोष्ट गेलीच. तो आला, पण फाटकाच्या आत आला नाही. मुख्याध्यापकांना तिथेच बोलावून घेतलं. "पांदणच होती ना थे, सर," असं त्याने दोनदा म्हटलं. पहिल्यांदा मोठ्याने, दुसऱ्यांदा अगदी हळू. आणि खोटं तरी काय होतं त्यात? आठ महिने ती पांदणच. त्याने आठ महिन्यांचं खरं सांगून चार महिन्यांचं लपवलं होतं. जाताना म्हणाला, "रंग खराब झाला तं सांगजा, मी पुन्हा मारून देईन." मला त्याची कीव आली. त्याच्याजवळ प्रत्येक गोष्टीवर रंग हाच इलाज होता.

शनिवारी गोपालने वर्कशॉपमधून छन्नी आणि हातोडी आणली. मॅडमनी आधी कठडा काढवून घेतला, पाटी काढवून घेतली. मग मुलांनी आळीपाळीने घाव घातले. मित्रांनो, सिमेंटवर छन्नी बसते तेव्हा दुखतं. फार दुखतं. पिवळे टवके उडत होते, 'अण्णाजी' गेलं, 'मार्ग' गेला. एक मुलगा म्हणाला, "मॅडम, झाली खाच, पुरे ना आता?" आणि मी माझ्या सगळ्या ताकदीनिशी मनात म्हणालो, नाही, आणखी थोडं खोल. होती तेवढी होऊ द्या.

वर्षालीचं घर काही माझ्या शरमेने कोरडं होणार नव्हतं, आणि झालंही नाही. अण्णाजी नगरातली माणसं एकत्र जाऊन ग्रामपंचायतीत अर्ज देऊन आली. पाण्याला वाट करून देऊ म्हणून सांगितलंय, अजून कुणी कुदळ आणलेली नाही. गोपालने दाराशी उंच ओटा बांधलाय. आभाळ भरून आलं की छाया गव्हाची कोठी पलंगावर चढवते. शाळेत हे सगळं बोलतात आणि मी ऐकतो. ऐकलंच पाहिजे मला.

मित्रांनो, तुमच्याही शाळेत एखादा जुना नकाशा असेल, भिंतीवर, नाहीतर माझ्यासारखा जमिनीवर. त्याला जपा. पण जपणं म्हणजे रंग देऊन कठड्यात ठेवणं नव्हे, हे मी तुम्हाला हात जोडून सांगतो. त्याला हात लावा. त्याच्यावर पाणी टाकून पाहा. तो सांगतो त्या जागी स्वतः जाऊन या, उन्हाळ्यात एकदा आणि पावसाळ्यात एकदा. तो चुकत असेल तर त्याचा मान राखू नका, त्याला तिथल्या तिथे चूक म्हणा. आम्हा नकाशांना वाईट वाटेल. वाटू द्या.

यंदा शाळा सुरू झाली तेव्हा पाचवीची नवी मुलं माझ्यापाशी आली होती. त्यांना दाखवायचं काम मॅडमनी वर्षालीला दिलं. ती आता नववीत आहे, अंगाने उंच झाली आहे. चपला काढून ती माझ्यावर आली आणि शहरापासून सुरुवात करून फिरत फिरत नाल्यापर्यंत पोहोचली. "हा नाला. पाणी इथून येते, असं जाते. आन् हे आमचं घर." तिने खाचेच्या अगदी काठावर बोट टेकवलं.

एका चिमुरडीने डोळे मोठे केले. "एवढ्या जवळ? मंग तुमी तिथं घर काऊन बांधलं?"

माझ्या अंगातलं सिमेंटसुद्धा आकसलं.

"तवा हा नकाशा खोटं बोलत होता," वर्षाली म्हणाली. ती मोठ्याने म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं, आणि खाली न पाहता पुढचा रस्ता दाखवायला लागली.